सोळा मापं पाणी

वारजे, पुणे
१४ जून २००७

श्री. दिगंबरराव इंगोले गुरुजी यांस,
नागोराव गावंडे याचा सप्रेम नमस्कार.

आपण सर्व सुखरूप असाल, वहिनींचे गुडघे या दिवसांत फार त्रास देत नसतील, अशी आशा करतो. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून आपण ते न फोडताच कोनाड्यात ठेवलं असेल, तर ही आशाही कोनाड्यातच राहील. फोडलं असेल तर आभारी आहे.

इकडे माझं बरं चाललंय. गेल्या वर्षी मार्चअखेर जलनोंद संस्थेतून निवृत्त झालो. विश्रांतवाडीची भाड्याची जागा सोडून आता वारज्याला, संतोषनं घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहतो. चौथा मजला. दोन खोल्या झोपायच्या, त्यातली एक बंदच असते. खिडकीतून बायपास दिसतो. सुरुवातीला मी ट्रक मोजायचो, आता सोडून दिलं. संतोष, आपला भाचा, डॅलसला आहे, सॉफ्टवेअरमध्ये. रविवारी सकाळी कॉम्प्युटरवर दिसतो. चित्र मधेच थिजतं आणि त्याचं उघडं राहिलेलं तोंड बघत मला बसावं लागतं. तरी मी बंद करत नाही. तेवढाच तो घरात असतो.

गच्चीवर मी एक पर्जन्यमापक बसवला आहे. त्यावर आमच्या सोसायटीनं जिन्यात पाटी लावली: "गच्चीवर खासगी भांडी ठेवू नयेत. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो." दुसरं वाक्य शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, असं मी चेअरमनना लेखी कळवलं. तेव्हापासून ते लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत. मापक मी हलवलेला नाही. रोज सकाळी साडेआठला वर जातो, पाणी मोजतो, वहीत लिहितो. ती वही आता कोणाला पाठवायची नसते.

आता कामाचं. मे महिन्यात श्रद्धा नावाची एक मुलगी मला शोधत घरी आली. संतोषहून लहान असेल, पण बोलायला तिखट. ती आणि तिचे सहकारी आपल्या तालुक्याचा पुढच्या तीस वर्षांचा आराखडा करताहेत. पावसाचे दिवस कमी होत जातील आणि पडेल तेव्हा एकदम धो धो पडेल, असं त्यांचं गणित सांगतं. तेव्हा पूल किती उंच हवा, शाळा कुठं हवी, तलाव कुठं, दवाखाना कुठं, हे आत्ताच ठरवायचं. त्यासाठी त्यांना मागच्या पन्नास वर्षांचा पाऊस पाहिजे. मी तिला तालुक्याची सरासरी तोंडपाठ म्हणून दाखवली. ती म्हणाली, "काका, सरासरी पावसात कुणी बुडत नाही. मला एका दिवसात पडलेला सगळ्यात मोठा पाऊस सांगा."

त्यांच्या नकाशात आपल्या भागात एका दिवसाचा सर्वांत मोठा पाऊस आहे एकशे अठरा मिलिमीटर. तो शेजारच्या केंद्रावरचा. त्यावरून नाल्याच्या पुराची रेषा आखली आहे, आणि त्या रेषेच्या जरा वर, बोरखेडीच्या गायरानात, नाल्याकाठी तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय व्हायचं आहे. सोबत नर्सेसची घरं. गावाला याचा आनंद असणार, हे मी समजू शकतो.

आपण बोरखेडीचे पर्जन्य निरीक्षक असताना ६ ऑगस्ट १९७९ च्या सकाळची जी नोंद मासिक तक्त्यात पाठवली होती, ती ३१७.४ अशी आहे. ही नोंद पुढे छाननीत बाद ठरली आणि नंतर बोरखेडीचं केंद्रच बंद झालं. तक्ता ही नक्कल असते. मूळ म्हणजे निरीक्षकाकडची कच्ची वही. ती मिळाली तर नोंद परत घेता येईल, असं श्रद्धाचं म्हणणं आहे. गावकऱ्यांच्या आठवणी आराखडा मंजूर करणारी समिती धरत नाही. बैठक २० ऑगस्टला तालुक्याच्या गावी आहे.

तरी १९७९ सालची कच्ची वही आपल्याकडे असल्यास रजिस्टर पोस्टानं पाठवावी, ही विनंती.

त्या तारखेबद्दल अधिक लिहीत नाही. आपल्याला ती आठवत असेलच.

आपल्या बहिणीला जाऊन दोन वर्षं चार महिने झाले. ती असती तर हे पत्र तिनं लिहिलं असतं आणि आपण लगेच वही पाठवली असती.

वहिनींना नमस्कार.

आपला,
नागोराव गावंडे


वारजे, पुणे
९ जुलै २००७

दिगंबरराव,
स. न.

आपलं कार्ड मिळालं. "पत्र पावलं. नोंद बाद कोणी केली ते लिहा, मग वहीचं पाहू." पस्तीस वर्षं पुण्यात राहून मला इतकं थोडक्यात लिहिता आलेलं नाही.

कार्ड चार दिवस टेबलावर होतं. पहिल्या दिवशी मी उत्तर लिहिलं की त्या काळी तशी पद्धत होती. दुसऱ्या दिवशी लिहिलं की रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवताना अशा शेकडो नोंदी गळाल्या. दोन्ही खरं आहे. दोन्ही फाडून टाकलं.

मी बाद केली.

१९९५ साली संस्थेत कॉम्प्युटर आले. रजिस्टरातले आकडे टाइप करायला मुली बसवल्या आणि टाइप होण्याआधी एकेक तक्ता तपासायचं काम माझ्याकडे आलं. नियम सोपा होता. शेजारच्या केंद्रांपेक्षा एखादा आकडा फारच मोठा दिसला, तर त्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल करायचा. मग निरीक्षकाला पत्र टाकून कच्ची वही मागवायची. वही बघायची आणि मगच ठरवायचं, ठेवायचा की काढायचा. गोल करणं म्हणजे शंका, काढणं नव्हे. नव्या पोरांना हे मीच शिकवत होतो.

आपला तक्ता समोर आला. शेजारी एकसष्ट, एकशे अठरा, आणि बोरखेडी तीनशे सतरा. मी गोल केला. पत्र टाकलं नाही. गोलावर आडवी रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "निरीक्षक विश्वासार्ह नाही." खाली सही केली.

त्या एका शेऱ्यानं फक्त त्या दिवसाची नोंद गेली नाही. आपण एकवीस वर्षं रोज साडेआठला घेतलेली प्रत्येक नोंद बाजूला पडली. पुढच्या वर्षी एक माणूस येऊन आपल्या अंगणातला पर्जन्यमापक उचलून घेऊन गेला आणि आपल्याला आभाराचं छापील पत्र आलं. ते पत्र आपण कुठं ठेवलंत, ठाऊक नाही. त्याची कार्यालयीन प्रत माझ्या हाताखालून गेली होती. ते केंद्र सुरू करताना निरीक्षक म्हणून आपलं नाव मीच सुचवलं होतं, हेही आठवतं. आपल्या अंगणात उकिडवं बसून मीच दाखवलं होतं, की काचेच्या मापातलं पाणी डोळ्यासमोर धरायचं आणि मधली खोलगट रेषा वाचायची, कडेची नव्हे.

दिगंबर, आता हे "आपण" पुरे. अकोल्याला एका खोलीत राहून शिकलो आपण. तुझा सदरा घालून मी तुझ्या बहिणीला बघायला आलो होतो. "तू" म्हणायचा हक्क उरला आहे की नाही हे तू ठरव, पण यापुढचं मला "आपण" म्हणत लिहिता येणार नाही.

सुशीला बाळंतपणाला तुझ्याकडे आली होती. सत्तावीस जुलैला मुलगी झाली. सात ऑगस्टला बारसं. मी सहाला पुण्याहून निघालो आणि सातला दुपारी नाल्याशी उतरलो. चांगलं ऊन होतं. चपला हातात घेऊन नाला ओलांडला. पाणी माझ्या पोटरीपर्यंत होतं, दिगंबर. पोटरीपर्यंत. मी विजारही नीट दुमडली नव्हती.

अंगणात माणसं बसलेली दिसली. मला वाटलं, बारशाला जमलीत.

तू पुढं आलास आणि म्हणालास, "जवाईबुवा, नाल्याले पूर होता. बैलबंडी पान्यात घालताच आली नाही. दोनदा उतरलो पोरीले घेऊन, छातीपर्यंत गेलो, वापस आलो. तीनशे सतरा मिलिमीटर पडलं." पोरगी रात्रीत आजारी पडली होती आणि दवाखाना नाल्यापलीकडे नऊ किलोमीटरवर होता. माझी विजार अजून ओली होती, गुडघ्याखाली. मी तुला म्हणालो, "पोरगी जात होती आणि तू पाणी मोजत होतास?"

सगळ्यांदेखत म्हणालो. तू काहीच बोलला नाहीस. सुशीला आत होती, तिनं ऐकलं असणार.

नंतर पुण्यात आल्यावर मला वाटायला लागलं की तू मोजलंच नसशील. भाचीला वेळेवर हलवलं नाही, आता ते झाकायला हा आकडा बसून लिहिला असशील. एका वेळी मी दोन्ही धरून होतो: तू मोजत बसलास म्हणून दोषी, आणि मोजलं नाहीस म्हणूनही दोषी. यात काही जुळत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आकडा खरा मानला, तर दोष द्यायला कोणीच उरत नव्हतं. पाऊस उरत होता फक्त. मला माणूस पाहिजे होता, आणि तो तू होतास.

सुशीलाला मी परत माहेरी पाठवलं नाही. ती वर्षातून एकदा राखीचं पाकीट करायची, मी ते पेटीत टाकायचो, आत एक ओळ लिहायचो नाही. एकदाच ती म्हणाली होती, "पाणी खरंच फार होतं हो." मी म्हणालो, "तो विषय नको." ती बरं म्हणाली आणि पुन्हा काढला नाही. पंचवीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि त्या घरात तो दिवस कुठंच नव्हता. शेवटच्या आजारात तिनं तुझं नाव घेतलं. संतोष म्हणाला, मामाला फोन करतो. मी म्हणालो, नंतर कळवू. तुला चौदाव्या दिवशी पोस्टकार्ड टाकलं.

मुलीचं नाव आनंदी ठेवायचं ठरवून आलो होतो. हे मी सुशीलालासुद्धा सांगितलं नाही. आता तुला सांगतोय.

श्रद्धानं त्या छाननीच्या कागदाची प्रत आणली होती. शेऱ्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "काका, ही सही कुणाची, माहितीये?" मी म्हणालो, बघावं लागेल. स्वतःची सही. त्या पोरीला मी तोंडावर खोटं सांगितलं. काल तिला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "ओके. पण वही लागेलच, काका. सॉरी म्हणून डेटा परत येत नाही."

नोंद पुढं आली तर दवाखाना गावातून जाईल, अशी तुमच्याकडे भीती असणार. तू वही दिलीस तर काही लोक तुझ्यावर बिघडतीलही. श्रद्धा म्हणते, शाळेमागचं टेकाड रिकामं आहे आणि तिथं जागा पुरेल, ती तसं मांडणार आहे. खात्री मात्र ती देत नाही, मीही देत नाही. पण पुन्हा तसा पाऊस आला, तर त्या तीस खाटांवर पडलेली माणसं उठून छातीभर पाण्यात उतरू शकणार नाहीत. तू एका पोरीला घेऊन उतरला होतास.

मला पाठवायची नसेल तर वही परस्पर तिला पाठव. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. माझ्यासाठी काही करू नकोस.

नागोराव


वारजे, पुणे
२२ ऑगस्ट २००७

प्रिय दिगंबर,

वही मिळाली. सहा तारखेला मिळाली, ऑगस्टच्या. तू मुद्दाम तसं केलंस की पोस्टानं, हे विचारणार नाही. पाकीट माझ्या नावावर होतं, श्रद्धाच्या नाही. ते टेबलावर ठेवून मी आधी गच्चीवर जाऊन पाऊस मोजून आलो. चार मिलिमीटर. मग उघडलं.

वहीचं पान न पान तुझ्या तिरक्या अक्षरात आहे. जून, जुलै, सगळं तसंच. आणि ते पान तुझ्या हातचं नाही.

आधी मला काही कळलंच नाही. पाच रेघांचा एक गठ्ठा, असे तीन. म्हणजे पंधरा भरलेली मापं, वीस वीस मिलिमीटरची. मग सोळाव्या मापाचे सतरा पूर्णांक चार. खाली बेरीज, ३१७.४. सगळं बरोबर. पण तू चार रेघा ओढून पाचवी आडवी मारतोस. इथं पाचवी खालून वर, डावीकडून उजवीकडे गेलेली. स्वेटर विणताना ओळी मोजायला सुशीला कागदावर अशाच रेघा मारायची. आणि सातच्या आकड्याचं शेपूट तिचं होतं. संतोषच्या शाळेच्या वह्यांवर, डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर, औषधांच्या वेळांवर मी ते सात तीस वर्षं बघितलेलं आहे.

मग तुझी चिठ्ठी वाचली. ती आता मला पाठ आहे, तरी इथं लिहितो. कोणाला तरी लिहून दाखवल्याशिवाय मला बरं वाटणार नाही, आणि तुझ्याशिवाय लिहायला कोणी नाही.

"पोरगी नाल्याकाठी साडेसातला गेली. आम्ही घरी आलो. साडेआठला मापकाची बाटली भरून पाणी बाहेरच्या डब्यात आलं होतं. मला मोजायचं नव्हतं. सुशी उठून अंगणात आली. ती म्हणे, मोज दादा. त्यायले आकडा लागते. आकडा असला म्हणजे त्यायले पटन. माझ्या हाताला माप धरवत होतं, पेन्सिल धरवत नव्हती. ती तिनं धरली. तुम्ही अंगणात बोलले तेव्हा मी हे सांगितलं नाही. पोरगी जात होती आणि तू काय करत होतीस, असं तुम्ही तिलाही विचारलं असतं."

विचारलं असतं, दिगंबर. त्या दिवशी मी नक्की विचारलं असतं. तू गप्प राहिलास म्हणून तिला ते माझ्याकडून ऐकावं लागलं नाही.

बाळंतीण बाई, अकरा दिवसांची. भर पावसात अंगणात उभी. आणि तिच्या डोक्यात काय, तर उद्या हा येईल, याला आकडा लागेल. तिनं तो माझ्यासाठी घेऊन ठेवला होता. मी तिच्यासमोर पंचवीस वर्षं जेवलो आणि तो तिच्याकडे मागितला नाही. ९५ साली नियमाप्रमाणे एक पत्र टाकलं असतं, तर ही वही माझ्या टेबलावर आली असती. सुशीला तेव्हा होती. संध्याकाळी घरी जाऊन ती तिच्यापुढे ठेवता आली असती. वही आली त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही, दुपारी खिडकीशी बसलो होतो, आणि साठीला आलेला माणूस रडतो तसा रडलो. शेजारी कोणी नसतं, हे एका परीनं सोयीचं आहे.

दुसऱ्या दिवशी श्रद्धा आली. तिनं पानाचा फोटो घेतला आणि म्हणाली, "काका, एका पानावर वेगळं हँडरायटिंग आहे. समिती पहिला प्रश्न हाच विचारणार." मी म्हणालो, मी लिहून देतो. आणि लिहून दिलं. त्याची नक्कल तुला ठाऊक असावी म्हणून उतरवतो:

"दि. ६ ऑगस्ट १९७९ च्या पानावरील खुणा व आकडे माझी पत्नी कै. सुशीला नागोराव गावंडे हिच्या हातचे आहेत. मोजणी निरीक्षक श्री. दिगंबर इंगोले यांनी केली. सन १९९५ मध्ये ही नोंद मी मूळ वही न मागवता बाद केली. तसे करण्यास पावसाशी संबंधित कोणतेही कारण नव्हते. निरीक्षकाविषयीचा माझा शेरा खोटा असून तो मागे घेत आहे."

श्रद्धानं ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी तिखट बोलेल. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून म्हणाली, "काका, चहात साखर किती?" या घरात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी हॉलमधून ओरडून सांगितलं, दीड.

वीस तारखेचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू शेवटच्या बाकावर होतास, असं तिनं फोनवर सांगितलं. नोंद घेतली, पुराची रेषा वर सरकली, दवाखाना शाळेमागच्या टेकाडावर आणि पुलाची उंची पुन्हा काढायची, इतकं झालं. गायरानाची जागा गेली म्हणून तुमचे सरपंच तुझ्याकडे न बघता बाहेर पडले, हेही तिनं सांगितलं. बोरखेडीची एकवीस वर्षं ती आता परत टाइप करून घेणार आहे. मी म्हणालो, मला दे, मी करतो. सकाळी साडेआठनंतर मी मोकळाच असतो.

आणि ती म्हणाली, बैठक संपल्यावर तू तिच्याजवळ आलास आणि एवढंच म्हणालास, "त्यायले सांगा, वही वापस पायजे."

वही पोस्टानं पाठवत नाही. घेऊन येतो.

अठ्ठावीसला राखीपौर्णिमा आहे. त्या दिवशी सकाळी नाल्याशी उतरेन. राखी आणणार नाही. ती पाकिटं तिची होती, त्यात मला हात घालायचा नाही. पिशवीत वही असेल आणि गच्चीवरचा पर्जन्यमापक. तो तुझ्या अंगणात परत बसवायचा आहे. आमचे चेअरमन खूश होतील, लिफ्टमध्ये बोलायलाही लागतील, पण ते आता मला नको आहे.

अजून एक. त्या पानाच्या कडेला थोडी कोरी जागा आहे. आनंदी हे नाव तिथं लिहावं असं फार मनात आलं. लिहिलं नाही. मूळ वहीत मागाहून काही लिहायचं नसतं, हा नियम मीच तुला शिकवला होता आणि आता तरी मी तो पाळणार. नाव मी तुझ्या अंगणात तोंडानं सांगेन. वहिनींनाही बोलाव. तिचं बारसं राहिलं आहे.

दार उघडलं नाहीस तरी साडेआठपर्यंत ओट्यावर बसेन. उघडलंस, तर त्या दिवशी नाल्याला पाणी किती होतं ते पहिल्यापासून सांग. छातीपर्यंत म्हणालास, ते कुठल्या काठाला, कुठल्या दगडाशी, सगळं सांग. मी मधे बोलणार नाही.

ज्याला आकडा लागतो, तो
नागो